संघाचे नाव गावाचे हवे, प्रायोजकाचे नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर मराठवाड्यातल्या फुटबॉल, कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या लीग स्पर्धांचे निकाल छापून येतात. ते वाचून कोण जिंकले ते कळते, पण जिंकलेला संघ कुठला हे कळत नाही. आधी एखाद्या ज्वेलर्सचे किंवा कोचिंग क्लासचे नाव आणि त्यामागे वॉरियर्स, किंग्ज नाहीतर टायगर्स, अशीच बहुतेक नावे असतात. पुढच्या वर्षी प्रायोजक बदलला की नावही बदलते. मग ज्या पोरांनी वर्षभर त्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडून घेतले, त्यांनी आता काय म्हणून ओरडायचे?

जपानचा फुटबॉल अगदी याच अडचणीतून गेला आहे. तिथले मोठे संघ पूर्वी कंपन्यांचे होते. मित्सुबिशी, निस्सान, माझदा, टोयोटा अशी त्यांची नावे होती. १५ मे १९९३ रोजी दहा संघांची व्यावसायिक जे-लीग सुरू झाली. पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची यांनी संघाच्या नावातून कंपनी काढून तिथे गाव आणण्याचा आग्रह धरला. पैसे कंपनीने द्यायचे, तिचे नाव जर्सीच्या छातीवर ठळक छापायचे, पण संघ ओळखला जाणार गावाच्या नावाने. मित्सुबिशीचा संघ उरावा रेड डायमंड्स झाला. कंपनीच्या चिन्हातले तीन हिरे नावात राहिले, कंपनी मात्र गेली.

गावाच्या नावाला जोडलेला दुसरा शब्दही त्याच मातीतला असतो. हिरोशिमाचा संघ सानफ्रेच्चे. 'सान' म्हणजे जपानीत तीन आणि 'फ्रेच्चे' म्हणजे इटालियनमध्ये बाण. मोरी मोतोनारी या तिथल्या जुन्या सरदाराने तीन मुलांना एकीचे बळ पटवायला तीन बाण एकत्र धरून दाखवले, अशी कथा तिकडे लहान मुलालाही ठाऊक असते. सेंदाईचा तानाबाता हा ताऱ्यांचा सण प्रसिद्ध, म्हणून संघ वेगाल्ता. त्यात वेगा आणि अल्टेअर, म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण, जोडलेले आहेत. तोकुशिमाजवळ नारुतोच्या सामुद्रधुनीत भोवरे उठतात, त्यावरून व्होर्तिस. होक्काइदोच्या माणसाला 'दोसान्को' म्हणतात. ती अक्षरे उलटी करून पुढे 'ओले' ही मैदानावरची आरोळी लावली आणि साप्पोरोचा कोन्सादोले झाला. मात्सुमोतोच्या यामागा संघाचे नाव तर स्टेशनसमोरच्या एका कॉफीच्या दुकानाचे आहे. क्योतोच्या संघाचे नाव आहे 'सांगा'. हा बौद्ध परंपरेतला संस्कृत 'संघ' आहे. अजिंठा-वेरूळच्या मुलखातल्या वाचकाला तो वेगळा समजावून द्यायला नको.

आपल्याकडे अशा नावांचा काय तुटवडा आहे? नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचे नर-मादी धबधबे आहेत. जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ, पैठणची पैठणी, नांदेडची गोदावरी, दौलताबादचा देवगिरी आहे. शिवाय अशा नावातून जर्सीचा रंगही आपोआप ठरतो. सेरेझो म्हणजे स्पॅनिशमध्ये चेरीचे झाड, म्हणून ओसाकाचा तो संघ गुलाबी घालतो. मोसंबीवाल्यांनी पिवळसर हिरवा घ्यावा. दोन सामन्यांत तो रंग गावात ओळखीचा होईल.

नाव ठरवताना मात्र घाई नको. शाळांकडून नावे मागवावीत आणि प्रत्येक नावामागचे कारण दोन ओळींत लिहून घ्यावे. त्यातली तीन निवडून मैदानावर हलगीच्या ठेक्यावर शंभर मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावीत. जे नाव ठेक्यात बसत नाही किंवा तिसऱ्या वेळेला तोंडात अडकते, ते कागदावर कितीही छान दिसले तरी सोडून द्यावे. मग ट्रेडमार्क तपासावा. नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध फुकट घेता येतो. खेळ आणि स्पर्धांसाठी ४१ वा वर्ग आणि जर्सी-टोप्या विकायच्या असतील तर २५ वा वर्ग पाहावा. सेंदाईचा संघ आधी ब्रुमेल नावाने खेळत होता. ते नाव दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी भिडले आणि १९९९ मध्ये बदलावे लागले.

दैवतांची, महापुरुषांची आणि जातीची नावे कटाक्षाने टाळावीत. संघ कधी ना कधी हरणारच, आणि दुसऱ्या दिवशी 'अमुक यांचा दारुण पराभव' अशी ओळ छापून आली की भांडण मैदानाबाहेर जाते. हिरोशिमाकरांनी मोरींच्या कथेतले बाण घेतले, मोरींचे नाव घेतले नाही. यातला शहाणपणा आपल्या आयोजकांनी उचलण्यासारखा आहे. प्रवेश नियमावलीत दोनच कलमे घालावीत. नावात गाव सक्तीचे आणि प्रायोजक फक्त छातीवर, हे पहिले. किमान पाच मोसम नाव बदलणार नाही, हे दुसरे.

नाव गावाचे झाले की ते राखायला माणसे उभी राहतात. ऑक्टोबर १९९८ मध्ये योकोहामा फ्ल्युगेल्स हा संघ शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन करण्याची घोषणा झाली. १ जानेवारी १९९९ ला फ्ल्युगेल्सने सम्राट चषक जिंकला आणि तोच त्या संघाचा शेवटचा सामना ठरला. मारिनोसच्या नावात त्याची आठवण म्हणून 'एफ' हे अक्षर घातले गेले. चाहत्यांचे त्यावर समाधान झाले नाही. त्यांनी योकोहामा एफसी हा नवा क्लब उभा केला आणि २००७ मध्ये तो सर्वोच्च विभागात खेळला. अनेक क्लब १२ क्रमांकाची जर्सी खेळाडूला न देता चाहत्यांसाठी राखून ठेवतात, त्यामागे हीच भावना आहे.

या चाहत्यांची बसायची नव्हे, उभे राहायची जागा गोलपोस्टच्या मागे असते. घोषणा देणारा म्होरक्या मैदानाकडे पाठ करून उभा राहतो. त्याला सामना फारसा दिसत नाही, पण स्टँड त्याच्या हातात राहतो. आपल्याकडे यासाठी हलगीसारखे दुसरे वाद्य नाही, तिचा आवाज लांब जातो. दोन हलग्या आणि एक ढोल पुरे. जास्त झाले की टाळ्यांचा ठेका फुटतो. पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि हलगी बद्द वाजते, म्हणून ती सामन्याआधी मैदानाबाहेर शेकून आणावी. स्टँडमध्ये जाळ अजिबात नको. दोन काठ्यांमध्ये कापड ताणून एकट्याने धरायचा फलक तिकडे फार चालतो. काठ्या हलक्या असाव्यात, कापड दोन्ही हात पसरून ताणता येईल एवढेच असावे आणि चेंडू खेळात आला की फलक खाली घ्यावा, नाहीतर मागच्यांचा सामना बुडतो.

फलक लावण्याआधी आयोजकांनी प्रत्येक मजकूर वाचलाच पाहिजे. ८ मार्च २०१४ रोजी उरावाच्या मैदानात 'फक्त जपानी' अशा अर्थाचा इंग्रजी फलक लागला आणि क्लबने तो सामना संपेपर्यंत काढला नाही. शिक्षा म्हणून २३ मार्चचा सामना रिकाम्या स्टँडसमोर खेळवला गेला. जे-लीगमध्ये असे प्रथमच घडले. चूक मोजक्या लोकांची होती, पण तिची किंमत क्लबने आणि सगळ्या गावाने मोजली.

सामन्यानंतर कचरा उचलणाऱ्या जपानी चाहत्यांचे कौतुक प्रत्येक विश्वचषकात होते. त्यांची निळी पिशवी सामन्यात हलवून प्रोत्साहन द्यायला वापरतात आणि शेवटी तिच्यातच कचरा भरतात. आयोजकांनी संघाच्या रंगाच्या पिशव्या प्रवेशद्वारावरच वाटल्या, तर वेगळे आवाहन करावे लागणार नाही.

संपादक महोदय, यात आपला वाटा मोठा आहे. जे-लीगच्या सुरुवातीला वेर्दी संघाचे मालक असलेले योमिउरी वृत्तपत्र लीगचा आग्रह न जुमानता 'योमिउरी वेर्दी' असेच छापत होते. बातमीत जे नाव येते तेच लोकांच्या तोंडी बसते. आज जपानी वृत्तपत्रांच्या निकालात उरावा, काशिमा, हिरोशिमा अशी गावेच असतात. ओसाकाचे दोन संघ आहेत, तर गांबाला 'जी ओसाका' आणि सेरेझोला 'सी ओसाका' छापतात. आपणही पुढच्या मोसमापासून निकालाच्या चौकटीत आधी गाव छापावे, आणि नांदेडचे दोन संघ असतील तर त्यांच्या नावांचे पहिले अक्षर पुढे लावावे.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, नांदेड