अपडेटनंतर ग्राहकांकडे न चालणाऱ्या व्हिडिओ फाइलींबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी सांगलीत ११ वर्षे लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचा व एडिटिंगचा व्यवसाय करतो आणि गेली ४ वर्षे वार्षिक शुल्क भरून आपले एडिटिंग सॉफ्टवेअर वापरतो. आपल्या गेल्या महिन्यातील अपडेटनंतर मी दिलेल्या ७ फिल्मपैकी ५ ग्राहकांकडे चालल्या नाहीत. त्याचे कारण आपण कोणालाही न सांगता केलेल्या एका बदलात आहे.

पहिला फोन मिरजेहून आला. नवरीच्या वडिलांनी घरची मंडळी जमवून पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, तर मंगलाष्टके खणखणीत ऐकू येत होती आणि पडदा मात्र काळाच. त्यांनी फोन टीव्हीपुढे धरून मला ते ऐकवले. ‘शुभमंगल सावधान’ झाले, सनई-चौघडा सुरू झाला, तरी चित्र काही येईना. पेनड्राइव्हच खराब असेल असे समजून मी मिरजेला जाऊन दुसरा दिला, त्याचीही तीच गत झाली. फिल्म पाहिल्यावर उरलेली रक्कम द्यायची, असा आमच्या धंद्यातला रिवाज असल्याने ती रक्कमही अडकली.

दोन दिवसांनी, आणखी दोन ग्राहकांचे फोन आल्यावर, मी जुनी आणि नवी फाइल मीडियाइन्फोमध्ये (फाइलीची तांत्रिक माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर) शेजारी शेजारी उघडली. दोन्ही एमपी४, दोन्ही आपल्या ‘क्लायंट डिलिव्हरी’ याच प्रीसेटमधून (फाइल काढण्याच्या तयार मांडणीतून) काढलेल्या. पण जुन्या फाइलीत कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत, एच.२६४ आणि रंग ८ बिट होते, आणि नवीत एच.२६५, मेन १०, म्हणजे १० बिटचा प्रकार. एमपी४ हा नुसता डबा असल्याने आतला कोडेक बदलला तरी बाहेरून काहीच कळत नाही, आणि आपण तर प्रीसेटचे नावही तेच ठेवले.

एच.२६५ वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. जवळपास तोच दर्जा साधारण निम्म्या आकारात मिळतो, आणि माझ्याकडच्या मूळ प्रतीसाठी मी तोच वापरतो. परंतु एच.२६४ हे २००३ सालचे मानक असल्याने जुन्या टीव्हीपासून साध्या फोनपर्यंत जवळपास सगळीकडे चालते, तर २०१३ सालच्या एच.२६५ ची तशी खात्री देता येत नाही. विंडोजच्या अनेक संगणकांवर तो चालवण्यासाठीचे एक्स्टेन्शन (जोड-सॉफ्टवेअर) वेगळे विकत घ्यावे लागते, आणि इंटेलच्या सातव्या पिढीआधीच्या प्रोसेसरांत १० बिट एच.२६५ साठी पूर्ण हार्डवेअर डिकोडिंग (चिपमध्येच व्हिडिओ उलगडण्याची सोय) नसल्याने फिल्म अडखळत चालते. माझे बहुतेक ग्राहक नेमके असेच जुने टीव्ही आणि लॅपटॉप वापरतात.

आपल्या ग्राहक सेवेने ‘ग्राहकाला व्हीएलसी प्लेअर घ्यायला सांगा’ एवढेच उत्तर दिले. संगणकापुरते ते ठीक आहे. मिरजेच्या त्या जुन्या टीव्हीत व्हीएलसी कुठून घालायचे, हेही कळवले असते तर बरे झाले असते. ग्राहकाने काहीही न करता चालावी, याचसाठी डिलिव्हरीची फाइल काढलेली असते.

त्या पाचही फिल्म मला एच.२६४ मध्ये पुन्हा काढाव्या लागल्या. एकेकीला साडेतीन तास, असा रात्रीचा वेळ गेला आणि त्या आठवड्याची दोन कामे लांबली.

तरी या प्रीसेटमध्ये एच.२६४, ८ बिट ही मूळ मांडणी पूर्ववत करावी. पुढे कोडेक बदलायचा झाल्यास प्रीसेटचे नाव बदलून एक्सपोर्टच्या खिडकीतच तशी सूचना द्यावी. आणि वार्षिक शुल्कातील या महिन्याचा हिस्सा मला परत मिळावा, ही विनंती. १५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन.

दोन्ही फाइलींचे मीडियाइन्फो अहवाल आणि आपल्या ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे.

आपला,
एक वार्षिक सभासद, सांगली