स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

आशा सेविका असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी घरोघरी जो फॉर्म भरून घेतात, त्यात साठीपुढच्या माणसांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता आपण विसरता का? हा प्रश्न फॉर्ममध्ये आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र उत्तर 'होय' आले, तर त्या माणसाला घरात कोण सांभाळते आणि त्या सांभाळणाऱ्याची प्रकृती कशी आहे, याची नोंद कुठेच होत नाही.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 88 लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. त्यांतील बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते आणि ती बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून करते. दिवेलागण झाली की माझ्या सासूबाई दोन साड्या पिशवीत भरून दाराशी उभ्या राहतात आणि स्वतःच्याच घरात मला ‘घरी सोड’ म्हणतात. बांगड्या सापडल्या नाहीत, की चोरीचा आळ माझ्यावर येतो. हे आजारामुळे होते, हे ठाऊक असूनही ते मनाला लागतेच, आणि अशा वेळी काय बोलावे व काय टाळावे, हे आम्हाला कोणी शिकवलेले नसते.

सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. या आजारातला खरा खर्च डायपरचा आणि ब्युरोच्या (रुग्ण सांभाळायला माणसे पुरवणाऱ्या संस्थेच्या) बाईचा असतो, तो या योजनेत बसत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे तीन हजार रुपये पात्र ज्येष्ठांना एकदाच मिळतात. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 24 मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. परंतु कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या यादीत डिमेन्शियाचे नाव नसल्याने रुग्णाला मानसिक आजाराच्या नोंदीखाली बसवावे लागते, आणि ज्या माणसाला अनोळखी गर्दीत दहा मिनिटे थांबवणे कठीण, त्याला प्रमाणपत्रासाठी रांगेत उभे करावे लागते. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना दरमहा 600 रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी खरी, पण सांभाळणाऱ्याचे नाव निदान सरकारी यादीत तरी चढले.

पैशांहूनही आम्हाला अधिक गरज आहे ती सुटीच्या काही तासांची. स्वतःचा रक्तदाब तपासून घ्यायला जायचे, तर मागे रुग्णापाशी थांबायला विश्वासाचे माणूस नसते. उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून दोन दिवस जरी रुग्णांना सांभाळणारे दिवसकेंद्र चालवले, त्यातच घरच्यांना प्रशिक्षण दिले आणि घरी येणाऱ्या ब्युरोच्या बायकांसाठीही तेच प्रशिक्षण सक्तीचे केले, तर अनेक घरांना दम घेता येईल. राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, त्याच धर्तीवर आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी रजा देण्याचा विचार आपण मंत्रिमंडळापुढे मांडावा.

यातले काही लगेच होणे अवघड असेल, हे मी समजू शकते. तूर्त आशा सेविकांच्या फॉर्ममध्ये सांभाळणाऱ्याचे नाव, वय आणि प्रकृती यांसाठी एक रकाना वाढवण्यासंबंधी आपण केंद्राकडे शिफारस करावी, आणि तोवर एखाद्या जिल्ह्यात राज्याने स्वतंत्र कागदावर ही नोंद सुरू करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाईंना सांभाळणारी एक नाशिककर