विषय: बाहेरच्या खुर्च्या बाहेर ठेवल्या म्हणून नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या सेवा केंद्राला सातवा फोन केला. आता लेखी देते.

गेल्या नोव्हेंबरात चार खुर्च्या आणि टेबल असा तुमचा गार्डन सेट घेतला, 18,500 रुपयांना. खोक्यावर हिरवळ, हिरवळीवर पाऊस आणि पावसात तुमचीच खुर्ची छापलेली. खाली 'सर्व ऋतूंसाठी' आणि 'गंजापासून 3 वर्षे वॉरंटी'. आमचं घर गुहागरजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, हे दुकानात आधीच सांगितलं होतं. तुमचा माणूस म्हणाला, "म्हणूनच तर हा घ्या."

जुलैत पायांच्या तळाशी पावडर कोटिंगला फोड आले. ऑगस्टात नखाने टोकरलं तर पापुद्राच हातात आला. अंगणातल्या लादीवर सोळा तांबडे डाग पडलेत, ते वेगळेच.

आता आजचा फोन, जसाच्या तसा.

"मॅडम, खुर्ची कुठे ठेवली होती?"
"अंगणात."
"म्हणजे बाहेर?"
"हो. बाहेरचीच खुर्ची आहे ती."
"तेव्हा पाऊस पडत होता का?"
मी म्हटलं, जुलै होता आणि हे कोकण आहे. पलीकडून टाइप केल्याचा आवाज. मग त्याने वाचून दाखवलं, "ग्राहकाने उत्पादन ओलाव्यात ठेवल्याचे मान्य केले."

मान्य केले! जणू पोलीस चौकीत जबाब दिला. मग ठेवायची कुठे, असं विचारलं तर म्हणे घरात ठेवा, नाहीतर कव्हर घ्या, बाराशे रुपयांना आमच्याकडेच मिळतं. आणि महिन्यातून एकदा खोबरेल तेल लावा. पोरगा बिचारा नम्र होता. त्याला पढवणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने खुर्ची उलटी केली तेव्हा पायातून पेलाभर तांबडं पाणी पडलं. हातांच्या नळीला वरच्या टोकाला बूच नाही, तिथून पाणी शिरतं. खाली बूच घट्ट आणि निचऱ्याला भोक नाही, म्हणून ते तिथेच साचतं. नळीच्या आत ना जस्ताचा थर, ना प्रायमर. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचं कोटिंग फुगून सुटतं. हे तुमच्या कारखान्यात कोणाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. नळीच्या आत खोबरेल तेल कोणत्या बोटाने लावू?

एक खुर्ची मी दुरुस्त करून घेतली. तारेचा ब्रश, 80 नंबरचा पॉलिश पेपर, खार निघावा म्हणून गोड्या पाण्याने धुणं, कडक उन्हात वाळवणं, लगेच झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात, वर ऑइलपेंटचे दोन. वरून बूच, खाली भोक. 650 रुपये. 'छेडछाड केली' म्हणाल म्हणून फोटो आधीच काढलेत. बाकीच्या तीन तशाच पडवीत आहेत, माणूस पाठवून बघा. उलट्या करून बघा. दोन रुपयांचं बूच, साहेब.

माझ्या माहेरी तुमच्याच कंपनीचं लोखंडी कपाट आहे, माझ्या लग्नाआधीचं. त्याच्या भरवशावर हा सेट घेतला. ते घरात होतं म्हणून टिकलं, हे आता कळलं.

पंधरा दिवसांत सेट बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. आणि ते 'मान्य केले' नोंदीतून काढा; पैशांइतकंच ते मला लागलंय. नाहीतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. 5 लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी लागत नाही, आणि वेळ मला भरपूर आहे.

एक त्रस्त ग्राहक

ता. क. हे लिहीत असतानाच तुमचा मेसेज आला. गार्डन सेटवर पावसाळी सवलत, कव्हर मोफत.