रिमोट टाकून देण्याआधी दिवा बंद करून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीसाठी चाकरमान्यांची घरे उघडली की रिमोट बिघडल्याची तक्रार कोकणात हमखास ऐकू येते. सेल बदलूनही टीव्ही दाद देत नाही, म्हणून नवा रिमोट आणला जातो आणि तोही दिवेलागणीनंतर तसाच वागतो. अशा वेळी दोष अनेकदा रिमोटचा नसून खोलीत वर्षानुवर्षे राहिलेल्या सीएफएल दिव्याचा असतो, हे फारसे कोणी सांगत नाही.

रिमोट डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असते आणि संदेश पाठवताना तो सेकंदाला ३६ ते ४० हजार वेळा, बहुतेक संचांत ३८ हजार वेळा, लुकलुकतो. टीव्हीतील सेन्सर नेमकी हीच लुकलुक टिपतो. जुन्या चोकच्या ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळाच कमीजास्त होतो, त्यामुळे तिचा उपद्रव नसतो. सीएफएलमधील इलेक्ट्रॉनिक सर्किट मात्र दिवा सेकंदाला हजारो वेळा, पुष्कळदा रिमोटच्या जवळपासच्याच गतीने चालवते; शिवाय दिवा लावल्यावर पाऱ्याची पुरेशी वाफ होईपर्यंत आतील वायू अवरक्त प्रकाश अधिक देतो. हा सततचा गोंगाट पाहून सेन्सर स्वतःची संवेदनक्षमता कमी करतो आणि लांबून आलेला क्षीण संदेश त्याला कळत नाही. रिमोट जवळ नेला की चालतो, तो यामुळेच.

म्हणून खोलीतील दिवे बंद करून रिमोट चालवून पाहणे ही पहिली परीक्षा असावी. तरीही तो चालला नाही, तर बटण दाबून त्याचे टोक मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात पाहावे. तेथे जांभळट ठिपका चमकला, तर निदान रिमोट प्रकाश सोडतो आहे हे समजते. (खाऱ्या हवेने सेलच्या पट्ट्या गंजतात, त्याही पुसून घ्याव्यात.) दोष दिव्याचा ठरला, तर त्याची जागा बदलावी किंवा चांगला एलईडी बल्ब लावावा, कारण त्यातून या तरंगलांबीचा प्रकाश नगण्य निघतो. काढलेला सीएफएल फोडू नये, त्यात पारा असतो.

विक्रेत्यांनी नवा रिमोट हाती देण्यापूर्वी ‘खोलीत दिवा कोणता आहे?’ एवढे विचारावे आणि टीव्ही व रिमोटवर चालणाऱ्या पंख्यांच्या कंपन्यांनी ही सूचना माहितीपुस्तिकेत ठळक मराठीत छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)