ट्रे मांजरीचा आहे, हे सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमची मांजरं मनी आणि भुऱ्या आता पूर्णपणे लाकडाच्या पेलेटवर, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्यांवर, आली आहेत, आणि म्हाताऱ्या सखूनं आम्हा सगळ्यांकडून आपली अट मान्य करून घेतली आहे. तुम्हाला हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तुमच्या प्राण्यांच्या आश्रमातली कामं सांभाळून, रात्री उशिरापर्यंत तुम्ही मला जे समजावलंत, ते मांजरीचं लिटर (शी-शूच्या ट्रेमध्ये पसरतात ते) बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर.

आम्हाला बदल हवा होता तो आईच्या दम्यामुळे. ट्रेमध्ये बेंटोनाइटची, म्हणजे मातीच्या लिटरची, पिशवी ओतली की पांढरी धूळ उठायची, आईला खोकला लागायचा आणि मनीही शिंकत सुटायची. तुम्ही मात्र मातीच्या लिटरला नावं ठेवली नाहीत, हे मला मनापासून आवडलं. लाकडालाही थोडी धूळ असतेच, चांगल्या दाबलेल्या पेलेटला ती कमी असते, इतकंच तुम्ही म्हणालात. 1947 मध्ये अमेरिकेत एडवर्ड लो यांनी मांजरांसाठी शोषक मातीचे दाणे विकायला सुरुवात केली, त्याआधी लोक राख, वाळू नाहीतर लाकडाचा भुसाच वापरत, हेही तुमच्याकडूनच कळलं. आईला ते ऐकून धीर आला. लाकूड म्हणजे काहीतरी नवीन खूळ आहे असं तिला वाटत होतं.

आणि मग तुम्ही ते वाक्य म्हणालात: “ट्रे तुमचा नाही, मांजरीचा आहे.” पाळीव मांजरांचे पूर्वज कोरड्या, रेताड मुलखातले. पायाखाली बारीक, भुसभुशीत काहीतरी असावं, उकरता यावं, झाकता यावं, ही त्यांची उपजत गरज. मातीचं लिटर त्या वाळूच्या जवळ जातं. पेलेट म्हणजे बोटाच्या पेराएवढी कडक कांडी. म्हणजे आपण मांजरीला सोय देत नसतो, तिच्याकडे सवलत मागत असतो. हे एकदा डोक्यात बसल्यावर पुढचं सगळं सोपं गेलं.

जुना ट्रे काढायचा नाही, नवा शेजारी ठेवायचा, ही तुमची पहिली सूचना. जुन्या लिटरमध्ये मूठभर पेलेट मिसळायचे, मांजर नेहमीसारखी उकरते आहे असं दिसलं तरच पुढची मूठ. मनी पहिल्यांदा चारही पाय ट्रेच्या कडेवर ठेवून, तोल सावरत बसली आणि उतरल्यावर पंजे झटकत निघून गेली. मी लगेच तुम्हाला कळवलं, तर तुम्ही म्हणालात, “हेच तिचं ‘नको’. एक पायरी मागे या.” तुम्हीच सांगितलेली युक्ती तिला लागू पडली: थोडे पेलेट कोमट पाण्यात भिजवून फुलू द्यायचे, तो भुसा वाळवून वरून पसरायचा. पंज्याला मऊ लागल्यावर तिनं उकरायला सुरुवात केली. त्याच्याखाली सुके पेलेट हळूहळू वाढत गेले, तिनं तक्रार केली नाही.

पेलेट कोणते घ्यायचे याबद्दल तुम्ही फार काटेकोर होतात, आणि ते बरंच झालं. जळणासाठी विकतात ते पेलेट दिसायला अगदी तसेच, पण त्यात आणखी काय मिसळलं आहे हे पाहिल्याशिवाय घ्यायचे नाहीत. देवदाराचे नकोत. पाइनचे असतील तर भट्टीत वाळवलेल्या लाकडाचे, कारण ज्या तेलांचा वास आपल्याला प्रसन्न वाटतो ती उष्णतेनं बरीचशी उडून जातात. वरून सुगंध घातलेलं काहीच नको. मांजरीचं नाक आपल्यासारखं नाही.

चाळणीचा ट्रेही तुमच्यामुळेच घरात आला. पेलेटला वेगळा डिंक लागत नाही, दाबताना तापलेल्या लाकडातलं लिग्निन, त्याचा स्वतःचा चिकट घटकच, भुशाला धरून ठेवतं. शू पडली की ती पकड सुटते, कांडीचा पुन्हा भुसा होतो आणि हलवला की चाळणीतून खालच्या ट्रेमध्ये पडतो. कोरडे पेलेट वरच राहतात. भुसा फुगतो म्हणून थर पातळच द्यायचा, आणि खालचा ट्रे तुंबू द्यायचा नाही, नाहीतर युरियाचा अमोनिया होतो आणि लाकूडही वास रोखू शकत नाही. मातीसारखे शूचे घट्ट गोळे इथे मिळत नाहीत. मला तो तोटा वाटला होता. तुम्ही म्हणालात, “मग खालच्या ट्रेवर नजर ठेवा, तोच तुमचा हिशोब.”

त्या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

भुऱ्या तोवर छान रुळला होता. एका संध्याकाळी तो सारखा ट्रेमध्ये जायला लागला. बसायचा, उठायचा, दोन पावलं चालून पुन्हा बसायचा. घरात सगळ्यांचं एकच मत: पेलेट नकोसे झालेत त्याला. तुम्हाला फोन केला तर लिटरबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. “खालच्या ट्रेमध्ये नवा भुसा पडलाय का?” मी वरचा ट्रे उचलून पाहिलं. सकाळी पुसून ठेवलेला तळ तसाच स्वच्छ होता. “मग त्याला शू होतच नाहीये. फोन ठेवा आणि डॉक्टरांकडे निघा, सकाळची वाट बघू नका.” बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, खडे किंवा चिकट स्राव अडकला की मूत्राशय तुंबतं, आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी नंतर सविस्तर सांगितलं. कॅथेटर घालून त्याला मोकळं केलं गेलं. आज तो माझ्या पायाशी पसरलेला आहे, तो तुम्ही विचारलेल्या त्या प्रश्नामुळे. ज्यांच्या घरी बोका आहे त्या प्रत्येकाला मी आता हे सांगत सुटते: ट्रेमध्ये वारंवार जाणं म्हणजे दरवेळी रुसवा नसतो.

सखूचं मात्र वेगळं. तिचे सांधे दुखतात, कडक कांड्यांवर उभं राहणं तिला जमत नाही. मी हट्ट धरला असता तर तुम्ही मला नक्कीच रागावला असतात. तिच्यासाठी कमी उंचीचा वेगळा ट्रे, आणि त्यात लाकडाचंच पण बारीक दाण्यांचं लिटर, हा तोडगा तुमचाच. ती त्यात निवांत जाते. कधी तेही नको म्हणाली तर तिला तिची जुनी माती परत मिळेल, हे आमचं ठरलेलं आहे.

वापरलेल्या भुशाचं खत करायचा माझा उत्साहही तुम्ही वेळेवर आवरलात. मांजरीच्या शीमधून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो, म्हणून भाजीच्या कुंड्यांना ते खत नाही आणि कमोडमध्येही टाकायचं नाही, लाकूड कितीही नैसर्गिक असलं तरी. शीमधली ती अंडी संसर्गक्षम व्हायला 1 ते 5 दिवस लागतात, त्यामुळे ट्रे रोज साफ होणं महत्त्वाचं. धाकटी बहीण गरोदर असल्यामुळे ते काम सध्या पूर्ण माझ्याकडे आहे आणि मी ते आनंदानं करते.

आईनं तुम्हाला आवर्जून नमस्कार सांगितला आहे. पिशवी ओतताना आता तिला खोलीबाहेर जावं लागत नाही.

मनी आणि भुऱ्या एकमेकांचे ट्रे बिनदिक्कत वापरतात, तरी तुमच्या सांगण्याप्रमाणे मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त ठेवला आहे. शिवाय चाळणीचा एक कोरा ट्रे मी तुमच्या आश्रमासाठी बाजूला काढला आहे, सोबत पेलेटची न उघडलेली पिशवी. कुठल्या दिवशी आणून देऊ ते कळवा. त्या दिवशी ट्रे धुवायलाही थांबेन.

तुमची कृतज्ञ,
मनी, भुऱ्या आणि सखूच्या घरची