काळ्या कातळाच्या देशातून

द्यूपिवोगुर, पूर्व आइसलँड
सप्टेंबरअखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

या बेटाविषयी दुसऱ्या कोणाला लिहायचे असते, तर मी धबधब्यांपासून सुरुवात केली असती. तुला मात्र दगडापासूनच लिहायला हवे, कारण घाटातल्या कड्यांचे थर वाचायला मला तूच शिकवलेस आणि इथे पावलोपावली तुझीच आठवण होते आहे. गुल्फॉसचा प्रपात दोन टप्प्यांत घळीत कोसळतो, तो पाहावा असाच आहे. स्ट्रोकुरचे उकळते पाणी दर काही मिनिटांनी उसळून झाडाएवढे उंच उडते, तेही खरे. पण त्यांची छायाचित्रे तू पाहिली असशील, म्हणून मी त्यांच्यापाशी रेंगाळत नाही.

थिंगवेलीरला मात्र मी बराच वेळ थांबलो. उत्तर अमेरिकेचे आणि युरेशियाचे भूपट्ट इथे एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दूर सरकत आहेत, आणि त्या ताणाने जमिनीला पडलेल्या भेगांमधून आपण पायी चालत जातो. अटलांटिकच्या तळाशी हजारो किलोमीटर पसरलेली पर्वतरांग या बेटावर पाण्याबाहेर आली आहे. याच भेगांच्या काठी इ. स. ९३० मध्ये इथल्या लोकांनी आपली सभा, अल्थिंग, भरवायला सुरुवात केली. उभ्या कड्याला पाठ देऊन उघड्यावर कायदा सांगितला जाई, आणि दूरदूरच्या खोऱ्यांतून घोड्यांवरून आलेले लोक तो ऐकत.

पण मला तुला खरे सांगायचे आहे ते दक्षिणेतल्या लाव्हाच्या मैदानाविषयी. त्याचे नाव एल्डह्रॉइन. १७८३ च्या ८ जूनला लाकी या डोंगराच्या दोन्ही बाजूंनी जमीन उभी फाटली आणि सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या त्या भेगेवर शंभराहून अधिक मुखे उघडली. आपल्या मनात ज्वालामुखीचे जे चित्र असते, शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या टोकाला आग, तसे इथे काही नव्हते. भेगेतून पातळ लाव्हा वाहत राहिला, आठ महिने वाहत राहिला, आणि सुमारे सहाशे चौरस किलोमीटर जमीन त्याने झाकून टाकली. लाव्हापेक्षाही घातक ठरला तो वायू. त्यातले फ्लोरिन गवतावर उतरले, ते गवत खाऊन मेंढ्या-गुरांची हाडे वेडीवाकडी होऊन ती मेली, आणि मग आलेल्या दुष्काळात या बेटावरची जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे गेली. किर्क्युबायारक्लाउस्तुर या वस्तीचे पाद्री योन स्टेनग्रीमसन यांनी २० जुलैच्या रविवारी, लाव्हा गावाच्या रोखाने येत असताना, लोकांना चर्चमध्ये जमवून प्रार्थना केली. लाव्हा गावाच्या अलीकडेच थांबला. इथले लोक आजही त्या प्रार्थनेला 'अग्निप्रार्थना' म्हणतात. त्या सगळ्या विपत्तीची बारकाईने नोंद याच पाद्रींनी लिहून ठेवली, आणि ज्या माणसाने आपल्या हाताने गावकऱ्यांना पुरले त्याने इतके तपशीलवार लिहावे, याने मी फार हेलावून गेलो.

आज त्या मैदानावर राखाडी-हिरव्या शेवाळाचा जाड थर आहे. दोनशे चाळीस वर्षांत जमले ते एवढेच. शेवाळ, थोडे दगडफूल, कुठे कुठे एखादे बुटके झुडूप. त्यावर पाऊल पडले तर ती खूण भरून यायला कित्येक वर्षे लागतात, म्हणून वाटेवरून उतरू नका असे फलक जागोजागी आहेत. तरीही छायाचित्रासाठी लोक आत शिरतात. मला त्याचा मनापासून राग येतो.

आता आपल्याकडचे बघ. दख्खनचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वर आला, तोही बहुतांशी अशाच भेगांमधून. नंदुरबार-धुळ्याच्या माळांवर भिंतीसारख्या सरळ धावणाऱ्या काळ्या दगडाच्या रांगा तू मला दाखवल्या होत्यास; जमिनीच्या भेगांतच थिजून राहिलेला तो लाव्हा होता. लाकीचा उद्रेक माणसांच्या आठवणीतल्या सर्वांत मोठ्या लाव्हाप्रवाहांपैकी एक, आणि तरीही दख्खनच्या मानाने तो अगदी लहान. एल्डह्रॉइनच्या काठावर उभा असताना मला प्रथमच नीट उमगले की, आपण ज्या कड्यांवर चढतो त्यांतला एकेक थर कधीतरी असाच धगधगत, सरकत आला असेल.

तिथून पूर्वेला स्केदारारसांदुर लागते, वात्नायोकुल या महाहिमनदाच्या पायथ्याची काळी वाळू. १९९६ मध्ये बर्फाखाली उद्रेक झाला, वितळलेले पाणी आतल्या आत साचले आणि काही आठवड्यांनी एकदम फुटून बाहेर पडले. त्या लोंढ्याने मुरडलेली पुलाची तुळई रस्त्याकडेला तशीच ठेवलेली आहे.

इथे पूर्वेच्या फियोर्डांत, म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांत, आलो आणि आपण सह्याद्रीतच आहोत असे वाटले. समुद्रातून उठलेले डोंगर, त्यांवर एकावर एक आडवे थर, आणि दोन थरांच्या मधोमध तांबड्या मातीची रेघ. आपल्या घाटांत असतात तशाच त्या रेघा. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात जमिनीची झीज होऊन तयार झालेल्या. हे डोंगर एक कोटी वर्षांहून थोडे जुने, म्हणजे आपल्यापेक्षा पुष्कळच कोवळे. गावाजवळ टेगारहोर्न नावाची संरक्षित जागा आहे, तिथल्या कातळाच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे, सुईसारखे आणि पाकळ्यांसारखे स्फटिक आहेत. पुण्या-नाशिकच्या खाणींतले ते स्फटिक तू कपाटात कापसावर मांडून ठेवलेस ना, त्यांचेच हे भाईबंद. इथे एकही खडा उचलायला मनाई आहे, आणि तसेच असायला हवे.

तू येशील तेव्हा जूनमध्ये न येता सप्टेंबरमध्ये ये. रात्री अंधाऱ्या होऊ लागतात आणि आकाश स्वच्छ असले तर उत्तरेचा प्रकाश, म्हणजे ध्रुवीय प्रकाशही (अरोरा) दिसतो. वाऱ्यासाठी अंगात जाड कपडे हवेत, छत्रीचा इथे काही उपयोग नाही. दक्षिणेतल्या ठिकाणांवर फार दिवस खर्चू नकोस, पूर्वेला किमान आठवडाभर राहा. आणि मला लवकर कळव: माळशेजच्या कड्यातल्या तांबड्या रेघा किती आहेत, ते तू मोजून लिहून ठेवले होतेस. ती वही शोधून त्या पानाचे छायाचित्र पाठव, म्हणजे इथल्या डोंगराशी ताडून पाहीन.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र