घराचे आर्थिक व्यवहार दोन्ही पालकांना ठाऊक हवेत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून जवळ आला की शाळेचे शुल्क, गणवेश, वह्या-पुस्तके आणि रिक्षाचे आगाऊ पैसे यांची जुळवाजुळव घरोघरी सुरू होते आणि वर्तमानपत्रांतून काटकसरीचे सल्लेही येऊ लागतात. ते उपयुक्त असतात. परंतु मी बँकेच्या शाखेत काम करते आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुलांची आई आहे. या दोन्ही नात्यांनी मला वाटते, की नोकरदार पालकांच्या घरात पैशाच्या ओढाताणीइतकाच गंभीर असा आणखी एक प्रश्न आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. घराचा मोठा आर्थिक व्यवहार दोघांपैकी एकाच्याच मोबाइलमध्ये असतो आणि दुसऱ्याला त्यातले जवळजवळ काहीच ठाऊक नसते.

पूर्वी ठेवींच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, पासबुके हे सारे कपाटातल्या एका पिशवीत असे आणि ती उघडली की कोठे काय ठेवले आहे याचा निदान अंदाज येई. आता पावती ई-मेलवर येते, कर्जाचा हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो आणि ओटीपी एकाच क्रमांकावर येतो. ही सोय मोठी आहे. सकाळी डबे भरून लोकल गाठणाऱ्या माणसाला बँकेच्या रांगेत उभे राहायला वेळ कोठून मिळणार? मात्र या सोयीमुळे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नजरेसमोरून व्यवहारच नाहीसा झाला, हेही तितकेच खरे आहे.

पतीच्या अकाली निधनानंतर शाखेत येणाऱ्या स्त्रियांशी बोलताना ही गोष्ट फार तीव्रतेने जाणवते. किराणा, दूध, शिकवणी, वीजबिल यांचा हिशेब त्यांना पैन् पै ठाऊक असतो. पण पतीची खाती किती, विमा कोणता, कर्ज किती उरले, हे विचारले की त्या गप्प होतात. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचे ४३६ रुपये दरवर्षी मेअखेरीस पतीच्या खात्यातून कापले जात होते आणि म्हणून आपल्याला २ लाख रुपये मिळू शकतात, हे पुष्कळदा आम्ही नोंद दाखवल्यावर त्यांना कळते. सुरक्षा विमा योजनेचा हप्ता तर वर्षाला अवघा २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूनंतर तीतूनही २ लाख मिळतात. परंतु इतकी लहान वजावट कोणाच्या लक्षात राहणार? खासगी नोकरीत भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेला ७ लाखांपर्यंतचा विमा असतो, हे तर कित्येकदा खुद्द कर्मचाऱ्यालाही माहीत नसते. याच निधीच्या नियमांनुसार विवाहापूर्वी केलेले नामनिर्देशन विवाहानंतर अवैध ठरते. तरीही नोकरीला लागताना लिहिलेले आईवडिलांचे नाव बदलायचे राहून जाते आणि पुढे पत्नीला कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागतात.

येणे ठाऊक नसते, तसे देणेही ठाऊक नसते. आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला सहकाऱ्यासाठी जामीन राहणे ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. सही करताना घरी सांगितले जात नाही, कारण घरी नाराजी होईल ही धास्ती असते. कर्जदाराने हप्ते थकवले की नोटीस घरी येते, आणि मग मुलाच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले पैसे तिकडे जातात. याउलट, पत्नीने बचत गटातून घेतलेले कर्ज, भिशीचे राहिलेले हप्ते किंवा शाळेच्या शुल्काचा कोणता टप्पा भरला आणि कोणता नाही, यांविषयी पती पूर्णपणे अनभिज्ञ असतो. पत्नीच्या पश्चात मुलांना घेऊन आलेले असे पुरुषही मी पाहिले आहेत.

यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे मी म्हणणार नाही. बहुतेक घरांत कारण असते ते वेळाचे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. नोकरी सांभाळून इतके तास स्वयंपाक-धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीने रात्री दहानंतर विम्याची कागदपत्रे समजून घ्यावीत, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. कामाची वाटणी बदलल्याशिवाय माहितीची वाटणी होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलै २०२४ मध्ये मुस्लिम महिलेच्या पोटगीसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी, गृहिणीला संयुक्त खाते आणि एटीएमची सोय उपलब्ध करून देण्याचे महत्त्व सांगितले होते. ते पुरेशा गांभीर्याने घेतले गेले नाही, याची खंत वाटते.

वास्तविक मार्ग अवघड नाहीत. घरखर्चाचे खाते दोघांच्या नावे आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीचे असावे. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते; मात्र नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालकी कायदेशीर वारसांचीच राहते, हे समजून घेतले पाहिजे. पिन किंवा पासवर्ड लिहून ठेवू नयेत आणि कोणाला सांगूही नयेत. कोणत्या शाखेत कोणते खाते, विमा कोणता, कर्ज आणि जामीन कोठे, एवढे एका कागदावर लिहून तो दोघांनी वाचला तरी पुष्कळ झाले. १० वर्षे दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर शोधता येतात आणि वारसांना परतही मिळतात; पण शोधण्यासाठी आधी खाते होते याची कल्पना तर हवी. १० वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभाही रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना दिली आहे. अशा खात्यावरून मुलांशी बोलताना घरातला हा विषय आपसूक मोकळा होतो, असा माझ्या घरचा अनुभव आहे.

रिझर्व्ह बँक दर वर्षी आर्थिक साक्षरता सप्ताह आयोजित करते. २०२५ मध्ये तो २४ ते २८ फेब्रुवारी या काळात झाला आणि त्याचा विषयच महिलांची समृद्धी हा होता. परंतु हे पाचही दिवस सोमवार ते शुक्रवार होते, आणि कामावर जाणारे आई-वडील त्या वेळी हजर राहणार कसे? म्हणून बँकांना आणि शिक्षण विभागाला आपल्या पत्राद्वारे विनंती आहे, की शाळा सुरू झाल्यावर होणाऱ्या पहिल्या पालकसभेला, शक्यतो रविवारी, जवळच्या शाखेतील एका कर्मचाऱ्याला अर्धा तास द्यावा, त्या दिवशी आई आणि वडील या दोघांनाही बोलवावे आणि नामनिर्देशनाचे अर्ज तेथेच भरून घ्यावेत. आमच्या शाखेतील कर्मचारी अशा कामासाठी सुट्टीच्या दिवशीही यायला तयार होतील, याची मला खात्री आहे.

आपली विश्वासू,
एक बँक कर्मचारी आणि पालक, ठाणे